डुकरांची इन्चार्ज

सुचित्रा माझी मैत्रीण होती. ‘होती’ हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी शेवटी आम्ही गळ्यात गळे घालू म्हणून वाट बघत बसायला नको.

ती कोथरूडची, मी हिंगोलीकडची. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मी तुआसला केमिकल प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनीअर. पुण्यात आमची गाठ पडली नसती, पडली असती तर लिफ्टमध्ये, आणि दोघी आपापल्या मजल्यावर उतरून गेलो असतो. सिंगापुरात पडली, कारण बुकित पंजांगला, आम्ही दोघी राहायचो तिथे, तिची अवनी आणि माझी जाई एकाच स्कूलबसने जायच्या. बसस्टॉपवर दोन मराठी बायका उभ्या असल्या की काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. आधी “तुम्ही मूळच्या कुठल्या?” मग “आडनाव काय म्हणालात?” मग “वसमतकर... म्हणजे त्यातले कोणते?” आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही आणि विचारणाऱ्याची पंचाईत होते. सुचित्राचीही झाली. मी तिला फार ताटकळत ठेवलं नाही. “बौद्ध,” म्हटलं.

“अगं, मग काय झालं!” ती म्हणाली.

काही झालंय असं मी कुठे म्हटलं होतं?

पण बाई वाईट नव्हती. आता राग आहे म्हणून खोटं लिहिणार नाही. माझा नवरा प्रबोध कामाला समुद्रापलीकडे इंडोनेशियात, बाटमच्या शिपयार्डात, महिन्यातून एकदोनदा घरी. जाईला डेंगी झाला तेव्हा तो येईपर्यंत सुचित्रानेच हॉस्पिटलात मऊ भात आणून तिला भरवला होता. माझ्या घरी ती जमिनीवर बसून जेवायची, माझ्या पातेल्यात हात घालून वांग्याचा रस्सा चाटायची. मला वाटलं, झालं. समुद्र ओलांडला की सुटतं माणूस.

मग डुकरं आली.

सुचित्राचा एक ग्रुप होता, ‘प्राणीमित्र’. सगळी मराठी कुटुंबं, काही आमच्या भागातली, काही लांबच्या सेंगकांगची. रविवारी कुठल्यातरी शेल्टरमध्ये जायचं, कुत्री फिरवायची, फोटो काढायचे, मग सगळ्यांनी मिळून इडल्या खायच्या. मुलांना प्राणी कुरवाळायला नेतात तसलं एक पेटिंग फार्म बंद पडलं. तिथले ससे गेले, शेळ्या गेल्या, पोपटसुद्धा गेले. तीन डुकरं उरली. ती कुणालाच नको होती, आणि जागा मिळाली नाही तर त्यांना सुई देऊन संपवणार होते. सुचित्राने त्यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपण यांना घर द्यायचंच.

घर मिळालं लिम चू कांगला. तिकडे शेतांच्या मधोमध गोक लियान आंटीची सँक्च्युअरी आहे. आंटी साठीची, बुटकी, तोंडाने फटकळ. आम्ही सगळे तिच्यासमोर उभे राहिलो तेव्हा ती जे म्हणाली ते मी मराठीत सांगते. “कुत्र्यामांजरांना सगळे येतात. डुकरांना पहिल्या महिन्यात सगळे येतात, दुसऱ्या महिन्यात सगळे गायब. म्हणून मला ग्रुप नको. मला एक माणूस पाहिजे. एक नाव. इन्चार्ज. सहा महिने बघते. इन्चार्ज टिकला तर डुकरं मरेपर्यंत इथे. इन्चार्ज पळाला तर मी ठेवू शकत नाही. माझ्याकडे हात नाहीत.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुचित्राने बघितलं नाही. तिने सरळ माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“एकता! दुसरं कोण?”

मी फुलून गेले. का ते सांगते. इथल्या मराठी कार्यक्रमांत इतकी वर्षं जात होते, मला खुर्च्या लावण्यापलीकडे कधी काही मिळालं नव्हतं. निवेदन दुसरीचं, आरास तिसरीची, नाटकात काम चौथीचं. “एकता, तू जरा मागचं बघतेस का?” मी मागचंच बघत आले. आणि आज चारचौघांत कुणीतरी म्हणालं होतं की ही बाई भरवशाची आहे. मी हो म्हटलं. प्रबोधला विचारलंसुद्धा नाही.

डुकरांचं बारसं झालं. हो, खरोखरचं बारसं. नीता म्हणून ग्रुपमधली एक बाई, तिने घुगऱ्या केल्या, झेंडूच्या माळा आणल्या. नावं ठेवली चकली, लाडू आणि बर्फी. चकलीची शेपटी वळलेली, लाडू गोल, आणि बर्फी त्यातली म्हातारी मादी, पांढरट, अंगावर चौकोनी डाग. कानात ‘कुर्रर्र’ करायची वेळ आली तेव्हा नीता कुंपणाच्या बाहेरूनच ओरडली, “कुर्रर्र!” आत यायला तयार नाही. गोक लियान आंटीने मला विचारलं, नावांचा अर्थ काय. मी सांगितलं, खायच्या वस्तू. ती म्हणाली, “सगळी खायची नावं? मग वाचवली कशाला?” आम्ही खूप हसलो. तेव्हा हसण्यासारखं होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. मला डुकरांतलं काहीही येत नव्हतं. शून्य. पहिल्या दिवशी मी कॅनव्हासचे बूट घालून गेले आणि लाडूने मला ढुशी मारून चिखलात बसवलं. मी इतकी घाबरले की पुढचा सगळा वेळ ढकलगाडीच्या मागे लपून काम केलं. डुकराला घाम येत नाही, म्हणून त्याला चिखल लागतो, हे मी फोनवर व्हिडिओ बघून शिकले. गोऱ्या डुकराची कातडी उन्हात भाजते, त्याला क्रीम चोळावं लागतं, हेही तिथेच कळलं. पोटावर खाजवत राहिलं की ते आपोआप कुशीवर लवंडतं आणि मग नखं कापता येतात, हे मी घाबरत घाबरत करून बघितलं तेव्हा बर्फी अशी धाडकन पडली की मला वाटलं मेली. ती घोरत होती.

आणि शेणमूत. ते कोण काढणार? ग्रुपवर सुचित्राने पाळ्या लावल्या होत्या. आंटी म्हणाली होती तसंच झालं. नीताची कंबर धरली. तिच्या नवऱ्याला, विक्रांतला, नेमकं रविवारीच बॅडमिंटन. सुचित्राचा नवरा हेमचंद्र, त्याचे रविवारीही कॉल. आणि सुचित्राचं डोकं चढायचं. “मला वासाने मायग्रेन होतं गं, नाहीतर मी एका पायावर आले असते.” ती यायची, पण फोटोपुरती, कुंपणाच्या त्या बाजूला, पांढऱ्या कुर्त्यात. मला सोडायला गाडी आणायची, आणि मी बसायच्या आधी सीटवर जुनी चादर अंथरायची. गाडी लीजची आहे, डाग पडायला नको, म्हणायची. मला राग आला नाही. मी खरंच घाण झालेली असायचे.

कारण मला ती डुकरं आवडायला लागली होती. बर्फी माझ्या गमबुटावर हनुवटी टेकून झोपायची. आठवडाभर प्लांटमध्ये व्हॉल्व्ह आणि गळत्या आणि साहेबाच्या शिव्या, आणि रविवारी हे एक गरम जड डोकं पायावर. त्यासाठी मी काय हवं ते उपसलं असतं.

अशाच एका रविवारी काम आटोपल्यावर सुचित्रा मला हॉकर सेंटरला, इथल्या खाऊगल्लीत, घेऊन गेली. चहा घेतला. ती म्हणाली, “एकता, तुला किळस कशी येत नाही गं?” आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी प्रबोधलाही सांगितलेली नव्हती.

मी सातवीत होते. शाळेत साहेब तपासणीला यायचे होते आणि मागच्या मैदानात डुकरं शिरली. बाईंनी अख्ख्या वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. “वसमतकर, तू जा. हाकलून ये. तुला सवय असेल.” मला कसली सवय? माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. गावात डुकरं पाळणारे लोक वेगळे होते, नाल्याच्या पलीकडे राहायचे, पोटासाठी राबायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बाईंना नाला दिसत नव्हता. वेशीबाहेरचे सगळे त्यांना एकच. मी काठी घेऊन गेले. पिल्लांची आई माझ्या अंगावर धावून आली. मी नाल्यात पडले. खिडक्यांतून सगळा वर्ग हसत होता, बाईसुद्धा. दहावी होईपर्यंत माझं नाव ‘डुकरीण’ होतं.

हे ऐकून सुचित्रा रडली. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला, त्याला वास येत होता तरी धरला. “किती सोसलंस गं,” म्हणाली. “आणि तरी तू या डुकरांवर इतकं प्रेम करतेस.” मला हलकं वाटलं. वाटलं, या एका माणसाजवळ आपण जसे आहोत तसे ठेवून दिलं.

ठेवलंच होतं मी. तिने ते काढून वापरलं.

सँक्च्युअरीचा ओपन डे होता. शंभरेक माणसं, बरीच मराठी. चिनी शेजारी, शाळेतले पालक, जाईच्या वर्गातल्या पोरी. आपल्या ग्रुपने पोह्यांचा स्टॉल लावला होता. मी बादली घेऊन लाडूला आंघोळ घालत होते, लोकांना दाखवायला. सुचित्राच्या हातात माइक. ती बोलते छान, इंग्रजी आणि मराठी गुंफून, लोक हसतात, डोळे पुसतात. डुकरं कशी वाचवली ते सांगितलं. मग माझ्याकडे हात केला.

“आणि ही आमची एकता. आम्हा बाकीच्यांना जमलंच नसतं हो. पण एकता लहानपणापासून डुकरांमध्ये वाढली आहे. शाळेत असतानासुद्धा डुकरं आली की बाई हिलाच बोलवायच्या! हिलाच! इट्स इन हर ब्लड. तिच्या समाजाची परंपराच आहे ती, आणि मला वाटतं आपण सगळ्यांनी त्या परंपरेला सलाम केला पाहिजे.”

टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या. मी बादली धरून उभी. साबणाचं पाणी कोपरावरून गळतंय.

नीता माझ्याजवळून जाताना म्हणाली, “तरीच गं! मी यांना म्हणायचे, हिला हे एवढं कसं जमतं.” तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं समाधान होतं. कोडं सुटलं होतं तिचं. वसमतकर म्हणजे त्यातले कोणते ते कळलं होतं.

जाई पोह्यांची डिश घेऊन अवनीशेजारी उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला पहिल्यांदा दिसावी तसं.

परत येताना आम्ही एलआरटी नावाच्या छोट्या रेल्वेत बसलो. फजारचा स्टॉप गेल्यावर जाई म्हणाली, “ममा, वुई आर पिग पीपल मेह?” इथे प्रश्नाला असं ‘मेह’ लावतात.

“कोण म्हणालं?”

“अवनी. शी सेड हर मॉम सेड. हमारा... आपला समाज. व्हॉट इज समाज?”

मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. इथे वाढतेय, इथे कशाला ते, असं वाटायचं. मोठी झाली की मीच सांगेन, माझ्या शब्दांत, आमची माणसं कुठून कुठवर चालत आली ते, ताठ मानेने. तो माझा हक्क होता. सुचित्राने तो पोह्यांबरोबर वाटून टाकला.

“आपल्याकडे कुणी कधी डुकरं पाळली नाहीत,” मी म्हटलं. “आणि पाळली असती तरी त्यात लाजायचं काही नव्हतं. काम आहे ते. पण कुणाचं काय काम, हे दुसऱ्याने परस्पर ठरवायचं नसतं.”

“देन व्हाय सुचित्रा आंटी सेड?”

“ते मी तिलाच विचारते.”

दुसऱ्या दिवशी कामावरून तशीच तिच्या कॉन्डोत गेले. गमबूट नव्हते पायात, ऑफिसचे बूट होते. तरी दार उघडल्यावर तिची नजर आधी माझ्या पायांकडे गेली. हेमचंद्र सोफ्यावर लॅपटॉप घेऊन.

“अगं ये ना! काय मस्त झाला काल कार्यक्रम. सगळे तुझंच नाव काढतायत.”

“तू खोटं का बोललीस?”

“काय खोटं?”

“मी डुकरांमध्ये वाढले? मला शाळेत ज्या दिवशी नाल्यात पाडलं, त्या दिवसाचं तू कौतुक करून सांगितलंस लोकांना?”

ती खरंच गोंधळली. हेच तर जास्त लागतं. तिला खरंच कळत नव्हतं. “एकता, मी चांगलंच बोलले ना तुझ्याबद्दल? मी ती गोष्ट पॉझिटिव्ह केली. तू किती वर्षं ते मनात धरून बसली होतीस. मी त्याचा अभिमान केला.”

“माझ्या अपमानाचा अभिमान तू कोण करणार?”

हेमचंद्रने लॅपटॉप मिटला. “एकता, शांत हो. तू उगाच जात मध्ये आणतेयस. इथे सिंगापुरात कोण बघतं जात?”

“काल माइकवर कुणी आणली, हेमचंद्र? मी?”

“तिने परंपरा म्हटलं.”

“कुठली? कुणाची? विचारलं होतं का मला? आमच्या घरात डुक्कर कधी बांधलेलं नाही. तुमच्या घरात जितकी पाळली तितकीच आमच्या घरात.”

सुचित्रा मटकन खुर्चीवर बसली. आणि मग बोलून गेली. ठरवून नाही बोलली, म्हणूनच ते खरं होतं.

“काहीच नव्हतं? पण मग मी तुलाच कशाला विचारलं असतं? मला वाटलं, तुम्हा लोकांना...”

पुढचं तिने गिळलं. पण मला ऐकू आलं. आंटीच्या अंगणातला तो खांद्यावरचा हात. ‘दुसरं कोण?’ त्याचा अर्थ भरवशाची बाई असा नव्हताच. सगळ्या मेळ्यात एकच जण होती जिच्याकडे बघून तिला घाण आठवली. शाळेतल्या बाईंनी अख्ख्या वर्गातून मला निवडलं होतं, तसंच तिनेही निवडलं. फरक एवढाच की बाई माझ्यासाठी रडल्या नव्हत्या.

“ज्या माइकवर बोललीस,” मी म्हटलं, “त्याच लोकांना सांग, ‘मी, सुचित्रा, खोटं बोलले.’ माइक नसेल तर ग्रुपवर सांग.”

“असं कसं सांगू? लोकांना काय वाटेल माझ्याबद्दल?”

“आणि माझ्याबद्दल जे वाटलं ते?”

“तुझ्याबद्दल चांगलंच वाटलंय!” ती आता रडत होती. रडणं तिला चटकन येतं. “एकता, आणि प्लीज, याचा राग डुकरांवर काढू नकोस हं. थोडेच दिवस राहिलेत. तू नाही गेलीस तर आंटी त्यांना ठेवणार नाही. मुकी जनावरं आहेत ती.”

“तू जा.”

“मला नाही सहन होत तो वास. तुला माहितीय.”

“मला होतो हे तुला कुणी सांगितलं?”

मी निघाले. हेमचंद्र दारापर्यंत आला आणि म्हणाला, “कॉफी तरी घेऊन जा.” या माणसांचं हे एक असतं. कान कापून झाला की कॉफी.

मी रविवारी गेले नाही. पुढच्या रविवारीही नाही. मधल्या वारी आंटीचा माणूस खायला घालायचाच, पण उपसायचं काम रविवारचं, ते माझं. प्रबोधला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सोड ना. तिचा ग्रुप, तिची डुकरं. तू काय ठेका घेतलायस?”

“घेतलाय. माझं नाव आहे.”

“नाव तिने घातलं.”

“हो म्हणाले ना मी.”

त्याला काय सांगणार होते? मी नाही गेले तर तीन जीव संपणार. मी गेले तर सुचित्रा खरी ठरणार. बघा, आमच्याशी भांडली, रुसली, तरी शेवटी डुकरांकडेच गेली. रक्तातच आहे. मी कुठलाही पाय उचलला तरी तिच्याच वाक्यात पडत होता. असा सापळा लावायला अक्कल लागत नाही. खात्री लागते, की समोरचं माणूस आपल्यापेक्षा जास्त हळवं आहे.

मग आंटीचा फोन आला. “तुझे लोक कुणी आले नाहीत. म्हातारी खात नाही. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मी तुझ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, काळजी करू नका, एकता येईल, नक्की येईल, तिला या कामाची सवय आहे.”

तुला सवय असेल. शाळेतल्या बाईंचंच वाक्य.

मी गेले. रागाने गेले, पण गेले. डुकरांनी मला काही म्हटलं नव्हतं.

बर्फी कोपऱ्यात पडली होती. डुक्कर आपली झोपायची जागा कधी घाण करत नाही, पण जागाच उरली नव्हती. मला बघून ती उठली नाही, नुसती कान हलवून पडून राहिली. मी फावडं घेतलं आणि दुपार टळेपर्यंत उपसत होते, मोठ्याने शिव्या देत, मराठीत, सगळ्या. आंटी कुंपणावर हात टेकून ऐकत होती.

“कुणाला शिव्या?” तिने विचारलं.

मी सांगितलं. माइक, शाळा, रक्त, सगळं. तिला निम्मं कळलं असेल. ती म्हणाली, “माझे वडील पुंगोलला डुकरं पाळायचे. बसमध्ये लोक आमच्यापासून लांब बसायचे. मग सरकारने फार्म बंद केलं, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, वास गेला, लोक विसरले. सेम सेम.”

“सेम नाही, आंटी. तुमच्याकडे डुकरं होती म्हणून लोक नाक मुरडायचे. ती गेली, नाक सरळ झालं. आमच्याकडे डुकरं नव्हतीच. म्हणून आमचं काही जातच नाही.”

तिने यावर मान वगैरे हलवली नाही. काही शहाणपणाचं बोलली नाही. म्हणाली, “तू सोडणार का? आत्ताच सांग. मला जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.”

“डुकरं ग्रुपच्या नावावर आहेत ना?”

“कुठला ग्रुप? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मला ग्रुप नको. तुझं नाव आहे. फक्त तुझं.”

मी फावडं टेकून उभी राहिले. “म्हणजे या शेडमध्ये कोण येणार, कोण नाही, हे कोण ठरवणार?”

“इन्चार्ज,” आंटी म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

सहा महिन्यांची मुदत भरली त्या रविवारी आंटीने शेडला एक चक्कर मारली, बर्फीचं पोट दाबून बघितलं, म्हणाली, “ओके. राहतील.” एवढंच. मी तिथेच चिखलात बसून जरा रडले. मग कामाला लागले.

दुपारी ते सगळे आले. बातमी आंटीच्या पेजवर गेली होती. पुढे सुचित्रा, पांढरा कुर्ता. मागे हेमचंद्र, नीता, विक्रांत, पोरंबाळं, आणि दोन नवी जोडपी, नुकतीच पुण्याहून आलेली, त्यांना दाखवायला आणलेली. हातात बॅनर. ‘प्राणीमित्र : आम्ही दिलं घर.’ माझ्याशी इतके दिवस एक शब्द नाही. ग्रुपवर खुलासा नाही, काही नाही.

“एकता!” सुचित्रा दोन्ही हात पसरून म्हणाली, जसं काही झालंच नाही. “जिंकलो आपण! गेट उघड.”

मी गेटला आतून कडी घातली होती.

“माझ्या परवानगीशिवाय आत कुणी यायचं नाही.”

ती हसली. मग लोकांकडे बघून हसली. मग गेटजवळ येऊन हळू आवाजात, “तमाशा करू नकोस. नवीन लोक आहेत.”

“बरंच आहे. नवीन लोकांसमोर सांग. शाळेची ती गोष्ट मी उलटी करून सांगितली, एकताच्या घरी कधी डुकरं नव्हती, आणि मी तिची जात बघून तिला इथे उभं केलं. एवढं म्हण. कडी काढते.”

“मुलांसमोर नको, प्लीज.”

“माझ्या मुलीसमोरच बोललीस तू.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला अजूनही, त्या क्षणीसुद्धा, वाटलं की म्हणेल. मऊ भात आणला होता तिने. तिचे ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात मागून नव्यांपैकी एकीने विचारलं, “काय झालं? आत नाही जायचं?”

आणि सुचित्रा वळली. चेहरा असा झटकन बदलला, की माणसाने बघत राहावं.

“नाही हो, आज नको. एकता फार पझेसिव्ह आहे त्यांच्याबाबतीत. त्यांच्यात डुकरं म्हणजे अगदी घरच्यासारखी असतात ना. चला, आपण इथूनच फोटो काढू. मागे डुकरं येतील.”

‘त्यांच्यात.’ नव्या जोडप्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, अगदी आदराने. त्यांनाही आता कळलं होतं, वसमतकर म्हणजे कोण.

बॅनर उघडला. सगळे कुंपणाला पाठ लावून उभे राहिले, दाटीवाटीने. विक्रांतने हात लांब करून फोन धरला. “स्माइल!”

मी पाईप उचलला, नळ पूर्ण सोडला आणि शेड धुवायला घेतली. शेडचा उतार कुंपणाकडे आहे. काळं पाणी, त्यात जे काय असतं ते सगळं, कुंपणाखालून त्यांच्या चपलांपर्यंत गेलं.

नीता किंचाळली. सुचित्रा वळून ओरडली, “एकता, पाणी बंद कर! पाणी बंद कर आधी!”

अजून अर्धी शेड धुवायची बाकी होती.